मोरोक्कोचे मुरलेले लिंबू आणि आपल्या पानातले मीठ

"डॉक्टर, सगळं सोडलं, आता लोणचं तरी राहू द्या!" रक्तदाबाच्या रुग्णांची ही विनवणी मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहे. मीठ कमी करा असे सांगितले की माणूस एक वेळ अळणी भाजी खायला तयार होतो, पण पानाच्या डाव्या बाजूची फोड काही त्याला सोडवत नाही. लोणच्यावर एकदा लिहा, अशी सूचना काही वाचकांनीही केली होती. आज लिहितो आहे. पण सुरुवात आपल्या लोणच्याने नव्हे, तर दूरच्या मोरोक्को देशातल्या लिंबाने करतो. कारण तेच लिंबू, तेच मीठ, तीच बरणी. पण ते खाण्याची तिथली रीत वेगळी आहे. आणि त्या रीतीत रक्तदाबाच्या रुग्णाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

माझी पुतणी फ्रान्समध्ये असते. तिथे मोरोक्कोतून येऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबे आहेत. शेजारणीकडून शिकून तिने ही लिंबे घातली आणि सुट्टीत येताना एक बरणी आमच्याकडे आणली. मी चव घेतली आणि मग डॉक्टरी कुतूहलाने त्याच्या मुळाशी गेलो.

लिंबू आपलेच, गेले दूरवर

मोरोक्को हा आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यातला देश. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. फेज, मराकेश, तांजिये ही त्याची जुनी शहरे. तिथल्या बाजारात ऑलिव्हच्या ढिगाशेजारी पिवळ्याधमक, मऊ पडलेल्या खारवलेल्या लिंबांच्या राशी मांडलेल्या असतात. हे लिंबू आपल्या कागदी लिंबाहून वेगळ्या जातीचे. लांबट, पिवळे आणि जाड सालीचे. मराकेशच्या बाजूला मात्र लहान, गोलसर, पातळ सालीचे आणि फार सुवासिक असे लिंबू मिळते. लोणच्यासाठी त्यालाच जास्त मान आहे.

लिंबूवर्गीय फळांचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार या पट्ट्यात आहे, असे शास्त्रज्ञांनी जनुकांचा अभ्यास करून २०१८ मध्ये मांडले. पुढे अरब व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या हातून लिंबू भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पसरले. नावही बरोबर गेले. आपले निंबू-लिंबू, फारसी 'लिमू', अरबी 'लैमून' आणि इंग्रजांचे 'लेमन' ही एकाच कुळातली भावंडे.

मिठातल्या लिंबाची एक जुनी लेखी कृती एका डॉक्टरच्याच नावावर आहे, हे वाचून मला मौज वाटली. इब्न जुमै हा इजिप्तमधला ज्यू वैद्य, सुलतान सलाहुद्दीनचा राजवैद्य. त्याचा मृत्यू ११९८ सालचा. त्याने लिंबावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिच्यात पिकलेली लिंबे चिरून, पण अर्धी वेगळी न करता, आत बारीक मीठ भरावे, रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ठेवून ती बुडेपर्यंत लिंबाचा रस घालावा, उन्हात ठेवावे आणि मग मुरू द्यावे असे सांगितले आहे. आज मोरोक्कोतली गृहिणी जवळजवळ हेच करते.

आणखी एक धागा आहे. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हा मोरोक्कोच्या तांजिये शहरचा. १३२५ साली तो घराबाहेर पडला आणि पुढे हिंदुस्थानात आला. दौलताबाद, गोवा करीत तो होनावरला पोचला. तिथल्या जेवणाचे वर्णन करताना भाताबरोबर मिरी, हिरवे आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची वाढल्याचे त्याने नोंदवले आहे. म्हणजे कोकण किनाऱ्यालगतचे लिंबाचे लोणचे मोरोक्कोच्या माणसाने साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वी चाखले होते!

कृती अगदी सोपी

लिंबे स्वच्छ धुऊन कोरडी करायची. वरून अधिक चिन्हासारखे दोन छेद द्यायचे, पण देठाशी चारही फाका जोडलेल्या ठेवायच्या. भरली वांगी करताना आपण चिरतो तसे. आत मीठ ठासून भरायचे, बरणीच्या तळाशीही मीठ घालायचे आणि लिंबे दाबून दाबून भरायची. रस सुटतो, कमी पडला तर वरून ताजा रस पिळायचा. एकही लिंबू रसाबाहेर डोकावता कामा नये. झाकण लावून महिनाभर ठेवायचे आणि मधूनमधून बरणी हलवायची. काही घरी दालचिनी, लवंग, धने किंवा मिरीचे दाणे घालतात, पण मूळ कृतीत फक्त लिंबू आणि मीठ. तेल नाही, तिखट नाही, हिंग-मोहरी नाही, साखर किंवा गूळही नाही.

आत काय घडते? मीठ सालीतले पाणी ओढून बाहेर काढते आणि स्वतः आत शिरते. साल हळूहळू मऊ, अर्धपारदर्शक होते, तिचा कडवटपणा बराच उतरतो आणि सालीतल्या सुगंधी तेलाचा वास मात्र टिकून राहतो. लिंबाचा रस इतका आंबट असतो की बहुतेक रोगजंतूंना त्यात वाढता येत नाही. डबाबंद अन्नातून होणाऱ्या बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतूही एवढ्या आम्लात वाढत नाहीत. त्यात भर म्हणून मीठ. म्हणून ही बरणी फ्रीज नसलेल्या काळातही वर्षभर टिकत असे.

इथे एक महत्त्वाची सूचना. रक्तदाब आहे म्हणून काही जण घरी लोणचे घालतानाच मीठ निम्मे करतात. तसे करू नका. मीठ कमी पडले की बुरशी धरते. मीठ बरणीत कमी करायचे नसते. ते पानात कमी करायचे असते. ते कसे, हेच मोरोक्कोकडून शिकायचे आहे.

तोंडी लावणे नव्हे, मसाला

आपण लोणच्याची फोड पानात वाढतो आणि घासागणिक चाटतो. भाजी-आमटीतले मीठ पोटात जातेच, वर लोणच्यातले वेगळे. मोरोक्कोत हे लिंबू बहुधा पानात वेगळे वाढत नाहीत. ते स्वयंपाकात घालतात, मसाल्यासारखे. बरणीतून एखादे लिंबू काढायचे, वाहत्या पाण्याखाली चांगले धुवायचे, आतला गर बहुतेक वेळा काढून टाकायचा आणि फक्त सालीचे पातळ तुकडे करायचे. ते तुकडे सगळ्या कुटुंबाच्या भांड्यात पडतात.

तिथले सर्वांत प्रसिद्ध भांडे म्हणजे ताजीन. हे मातीचे पसरट भांडे असते आणि त्याचे झाकण शंकूसारखे उंच असते. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन परत खाली येते. त्यामुळे थोड्या पाण्यात आणि थोड्या मसाल्यात पदार्थ शिजतो. कांदा, आले, हळद, केशर, कोथिंबीर घालून कोंबडी शिजवतात आणि शेवटी शेवटी त्यात खारवलेल्या लिंबाची साल आणि ऑलिव्ह टाकतात. लिंबू खारट, ऑलिव्हही खारट; म्हणून जाणती गृहिणी रश्शात वेगळे मीठ अगदी बेताने घालते किंवा घालतच नाही. समुद्राकाठच्या गावांत कोथिंबीर, लसूण, जिरे आणि लिंबू यांचे वाटण माशांना चोळतात. त्याला चरमुला म्हणतात. माशांच्या ताजीनमध्येही ही साल असते. भाजलेल्या ढोबळी मिरचीच्या कोशिंबिरीत ती बारीक चिरून घालतात.

मराकेशची तंजिया तर ऐकण्यासारखी आहे. तंजिया म्हणजे मातीचा उभट घडा. त्यात मांस, लसूण, जिरे, केशर आणि खारवलेले लिंबू भरतात, तोंड कागदाने बांधतात आणि घडा गावातल्या सार्वजनिक हमामखान्याच्या भट्टीवाल्याकडे देतात. पाणी तापवण्याच्या भट्टीच्या गरम राखेत तो कित्येक तास शिजत राहतो. कामाला जाताना द्यायचा, परतताना न्यायचा.

याचा अर्थ मोरोक्कोत रक्तदाब नाही असा कोणी घेऊ नये. तिथेही तो मोठा प्रश्न आहे, आणि रोज प्रत्येक जेवणात खाल्ल्या जाणाऱ्या पावातून तिथल्या लोकांच्या पोटात बरेच मीठ जाते. आपल्याला देश उचलायचा नाही, फक्त रीत उचलायची आहे.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे सगळे मिळून चहाचा एक सपाट चमचा. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगाची सरासरी आहे १०.८ ग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होते. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक.

आता घरचा हिशेब करू. आपल्या लोणच्यात १०० ग्रॅममागे १० ते १२ ग्रॅम मीठ सहज असते. खारासकट एक मोठी फोड १५ ग्रॅमची धरली तर तिच्यात दीड-पावणेदोन ग्रॅम मीठ आले. दोन वेळच्या जेवणात तीन ग्रॅमहून जास्त. दिवसाच्या कोट्यातले निम्म्याहून अधिक मीठ पानाच्या डाव्या कोपऱ्यातच संपले. भाजी, आमटी, पापड, फरसाण यांचे खाते अजून उघडायचेच आहे.

मोरोक्कोच्या रीतीने पाहू. धुऊन घेतलेल्या एका लिंबाच्या सालीत समजा ३ ग्रॅम मीठ उरले. ती साल सहा माणसांच्या भांड्यात पडली तर प्रत्येकाच्या वाट्याला आले अर्धा ग्रॅम. आणि त्या पदार्थात वेगळे मीठ घातलेले नाही किंवा निम्मेच घातले आहे. सुगंध आणि आंबटपणा असला की जिभेला मिठाची उणीव कमी भासते, हा यातला खरा लाभ. तोच लिंबू एकाने वर वर चाटला तर तोटा, आणि सहा जणांच्या रश्शात मिठाऐवजी उतरला तर फायदा.

काकूंचे जुने लोणचे

हे सगळे कशासाठी सांगतो आहे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. माझ्या ओळखीचे सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक. हृदयाचे आकुंचन कमजोर झालेले, लघवी होण्याच्या गोळ्या चालू. एकदा पाय सुजले, रात्री आडवे झाले की धाप लागू लागली. उशाशी तीन उश्या घेऊन बसून रात्र काढायची वेळ आली. गोळ्या वेळेवर चालू होत्या. मी मिठाबद्दल विचारले तर त्यांच्या पत्नी जवळजवळ रागावल्याच.

"डॉक्टरसाहेब, सहा महिने घरात सगळ्यांनाच अळणी जेवण आहे. शपथेवर सांगते."

"काकू, मग सरांच्या तोंडाला चव यावी म्हणून काय देता?"

"दुसरं काय देणार? ह्यांना दोन्ही वेळा भाताची पेज आणि जुनं लिंबाचं लोणचं. आठ वर्षांचं आहे, काळंभोर झालंय. ते औषधीच असतं ना?"

काकूंच्या प्रेमात काही उणे नव्हते. आजाऱ्याला पेज आणि मिठातले जुने लिंबू ही आपल्याकडची पिढ्यान्पिढ्यांची पद्धत आहे. तापातून उठलेल्या, जुलाबाने पाणी आणि क्षार गेलेल्या तरुण माणसाला ती मानवतेही. पण ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड जादा मीठ-पाणी बाहेर टाकू शकत नाही, त्याच्या शरीरात हेच मीठ पाणी धरून ठेवते. आधी ते पायांत उतरते, मग फुप्फुसांत साठते. आणि लोणचे जुने झाले म्हणून मीठ काही म्हातारे होत नाही! आठ वर्षांपूर्वी घातलेले मीठ आजही तितकेच त्या बरणीत असते.

सरांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शिरेतून औषधे दिल्यावर पाणी उतरले, आणि घरी आल्यावर लोणच्याची बरणी बंद झाली. पेजेत ताजे लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले आणि कोथिंबीर सुरू झाली. पहिले दोन आठवडे सर कुरकुरले, नंतर जिभेला सवय झाली. मिठाची चव सवयीची असते. काही आठवडे कमी खाल्ले की पूर्वीचेच जेवण खारट लागू लागते, हा अनुभव अनेक रुग्ण सांगतात.

काही गैरसमज

*मुरलेल्या लिंबातून 'क' जीवनसत्त्व मिळते.* ताज्या लिंबात ते भरपूर असते, पण साठवणीत आणि उष्णतेने नष्ट होत जाते. ही गोष्ट इतिहासानेही शिकवली आहे. जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने १७४७ साली बोटीवरच्या स्कर्व्हीच्या रुग्णांना संत्री आणि लिंबे देऊन बरे केले. पण पुढे त्यानेच सुचवलेला आटवलेला लिंबूरस फारसा उपयोगी पडला नाही. आटवताना त्यातले सत्त्व निघून जात होते. म्हणून जीवनसत्त्वासाठी ताजे लिंबू, तेही पदार्थ ताटात वाढल्यावर पिळावे. पालेभाजी आणि डाळीतले लोह अंगी लागायलाही त्याची मदत होते.

*मूतखड्यावर लिंबू चांगले, मग लोणचेही चांगले.* लिंबातले सायट्रेट कॅल्शियमचे खडे होण्यास अडथळा करते, हे खरे. पण जास्त मीठ खाल्ले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते आणि खड्याला खतपाणी मिळते. तेव्हा खडा झालेल्यांनी भरपूर पाणी आणि ताज्या लिंबाचे बिनमिठाचे सरबत घ्यावे. मुरलेले लिंबू नव्हे.

*सैंधव घातले की चालते.* उपवासाच्या लोणच्यात सैंधव असते. पण सैंधव म्हणजे जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराईडच, म्हणजे आपले मीठच. रक्तदाबाला दोन्ही सारखीच. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन घातलेले नसते.

बरणी कशाची?

आंबट आणि खारट पदार्थ धातूला खातो. अ‍ॅल्युमिनियम, तांबे किंवा कल्हई गेलेले पितळ यांत असे लिंबू ठेवू नये. काचेची किंवा चांगल्या चिनी मातीची बरणी उत्तम. मोरोक्कोच्या मातीच्या भांड्यांविषयीही एक सावधगिरीची सूचना आहे. काही पारंपरिक भांड्यांच्या चकाकत्या झिलईत शिसे असते आणि लिंबासारख्या आंबट पदार्थात ते उतरते. शिशाची विषबाधा लहान मुलांच्या मेंदूला फार घातक असते. तेव्हा परदेशातून कोणी शोभेचे रंगीत ताजीन भेट आणले तर ते कपाटातच शोभेल. आपल्याकडच्या जत्रेतल्या रंगीत झिलईच्या भांड्यांनाही हाच नियम लावावा.

थोडक्यात

१. हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा विकार असलेले, यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालेले, अशा रुग्णांनी कोणतेही मिठातले लिंबू टाळावे. धुतलेलेसुद्धा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

२. रक्तदाब औषधाने आटोक्यात असलेल्यांनी लोणचे पानात वाढून घेऊ नये. हवेच असेल तर बिनतेलाच्या मिठातल्या लिंबाची साल धुऊन, गर काढून, बारीक चिरून छोल्यांच्या उसळीत, गाजराच्या कोशिंबिरीत किंवा माशांच्या कालवणात घालावी. त्या पदार्थात वेगळे मीठ घालू नये. कागदी लिंबाची साल जरा कडवट असते, म्हणून ती जास्त दिवस मुरू द्यावी.

३. साल खायची असल्याने लिंबे आधी चोळून, वाहत्या पाण्यात धुवावीत.

४. बरणीत ओला चमचा किंवा हात घालू नये. रसावर पातळ पांढरा पापुद्रा आला तर तो बहुधा निरुपद्रवी असतो, लिंबू धुऊन घ्यावे. हिरवी, काळी, लवदार बुरशी दिसली किंवा घाण वास आला तर सगळी बरणी टाकून द्यावी. वरचे काढून खालचे खाण्याचा मोह नको.

५. आम्लपित्त किंवा तोंडात फोड असताना हे खाऊ नये.

६. औषधाची गोळी चालू आहे म्हणून मीठ वाढवायची मुभा मिळत नाही. आणि मीठ कमी केले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो वाढलेला निघाला तर घरातल्या सुगरणीला सांगावे की बरणी फेकायची गरज नाही, फक्त तिची जागा बदलायची आहे. ती पानाशेजारी नको, चुलीशेजारी असू दे. आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघरातला मिठाचा चमचा एका आकाराने लहान होऊ दे.